कर्नल आला होता त्या खोलीबद्दल

अल्लाचे नाव घेऊन मी नूरीबी, मरहूम हबीब पिंजारी यांची बेवा, वय सत्तरीच्या पुढे, राहणार भद्रावती, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र आपल्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण तो डोक्यात गेलेला नाही. कोणी धाक दाखवून किंवा गोड बोलून लिहवून घेत नाही. गोड बोलायला या घरात कोणी येतच नाही. शिक्षण धानोऱ्याच्या मराठी शाळेत तिसरीपर्यंत, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ पाहू नये, म्हणणे पाहावे. वकील म्हणाले, "बाई, मी लिहून देतो." मी म्हटले, तुमच्या लिहिण्यात मी कुठी सापडणार नाही.

माझ्या पोटचे दोन मुलगे. मोठा नईम माझ्याआधी गेला. त्याची एकच मुलगी, नाहीद. ती मजजवळ राहते. धाकटा सरफराज वायरिंगचा ठेकेदार आहे, फॅक्टरीच्या कॉलनीजवळ वेगळा राहतो. आमच्यात असे आहे की एक मुलगा जिवंत असला तर मेलेल्या मुलाच्या लेकराला वारशात काही पोचत नाही. बाप मेला तो मेला, वर लेकरूही मेल्यात जमा. यावरून मी मौलाना साहेबांशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "भांडता कशाला? वसीयत यासाठीच तर आहे. मालमत्तेचा तिसरा हिस्सा तुम्ही वारस नसलेल्याला देऊ शकता." म्हणून हा कागद.

कलम पहिले, घर. हे घर हबीबने लग्नात कबूल केलेल्या मेहरमध्ये माझ्या नावाने केले, दुसऱ्या कोणाचा त्यात हात नाही. खोल्या तीन. मागच्या दोन, न्हाणी आणि विहिरीकडचे आंगण सरफराजला. रस्त्याकडची समोरची खोली नाहीदला.

समोरच्याच खोलीवरून इतके रामायण का, ते लिहून ठेवते, मागाहून कोणी आपल्या मनाचे सांगू नये.

त्या खोलीत हबीब गाद्या भरायचा. तो गेल्यावर नाहीदने तिथे कम्प्युटर मांडला आणि दर रविवारी लिनक्सवाल्या पोरापोरींची बैठक बसू लागली. चंद्रपूरहून पियुष एसटीने येतो, वरोऱ्याची एक मास्तरीण येते, आणखी दोघेचौघे. खुर्च्या नाहीत, गादीवरच बसतात. आधी नाहीद बातम्या सांगते: जगात कोणी काय नवे बनवले, कोणती चूक सापडली, ती कोणी दुरुस्त केली. मग एकमेकांना सीडी उतरवून देतात. एकदा परदेशातून फुकट सीडींचे पाकीट आले, तेव्हा पोस्टमन मला विचारत होता, "दादी, तुमचं तिकडं कोण हाय?" मी म्हटले, "लय गोतावळा हाय बाबू, फक्त कोणाले पाह्यलं नाई."

लिनक्स म्हणजे काय ते मला एवढेच समजले: बनवणारा फुकट देतो, आणि कसे बनवले तेही उघडे करून सांगतो. हे ऐकले त्या दिवशी मी फार खूश झाले आणि मग फार रडले. माझा हबीब असा नव्हता. कापूस पिंजायचे त्याचे जे पिंजण, त्याच्या तातीला, म्हणजे ताणलेल्या दोरीला, तो काहीतरी लावायचा, त्याने कापूस ढगासारखा निघायचा. काय लावायचा ते सख्ख्या भावाला सांगितले नाही, नईमला नाही, मला नाही. म्हणायचा, सांगितले तर गिऱ्हाईक जाईल. गिऱ्हाईक फोमच्या गादीकडे तसेही गेले. तो गेला, ती हातोटीही गेली.

पियुष मला म्हणायचा, "दादी, तुमी आमच्या अध्यक्षा."
"मंग अध्यक्षाले चहा कोण करून देते?"
"ते बी अध्यक्षच!"
असे हसून खेळून चालले होते. त्यात कर्नल आला.

तीन थंड्यांमागची गोष्ट. पियुष रस्त्यावरूनच ओरडला, "दादी, नवा कर्नल आला नं! रविवारी सगळे पाहाले येऊन राह्यले." आता आमच्या गावात फॅक्टरी दारूगोळ्याची, सरकारी. इथे कर्नल म्हटले की मिशीवाला, जीपमधून उतरणारा साहेब. मी नवी चादर अंथरली, शेवयांची खीर केली, आणि सरफराजला निरोप धाडला, कारण कॉलनीतल्या वायरिंगच्या कामासाठी तो साहेबलोकांच्या दारात चपला झिजवत होता. तो म्हणाला, "अम्मी, कर्नल साहेब आपल्या घरी काऊन येईन?" मी म्हटले, "नाहीदचा वट हाय."

रविवारी सरफराज इस्त्रीचा शर्ट घालून, हार, अर्ज आणि आपला भागीदार घेऊन आला. बसला, वाट पाहिली. मग विचारले, "साहेब कवा येनार?" पियुषने सीडी वर धरली. "हा काय आला. हाच कर्नल." कम्प्युटरच्या पोटात जो मुख्य भाग असतो त्याला म्हणे कर्नल म्हणतात, आणि त्याचा नवा अवतार निघाला होता. सगळी खोली हसली. भागीदार सगळ्यांत जास्त. नाहीदही हसली, हे मी लपवत नाही. ती माझी लाडकी आहे म्हणून काय झाले? माझ्या पोराचा चेहरा विटेसारखा झाला, आणि त्याला "बस भाऊ, खीर खा" म्हणायला एकही माणूस गादीवरून उठला नाही. त्याने हार कम्प्युटरवर टाकला आणि म्हणाला, "आता याचा जनाजा उठवा इथून."

पुढच्या आठवड्यात त्याने येऊन समोरच्या खोलीत आपण घातलेली सगळी वायर उपटून नेली. माझ्यासमोर. मी म्हटले, "पंखा तरी ठेव रे." म्हणाला, "पंखा तुमच्या कर्नलले माग." आजपर्यंत तो त्या खोलीत बसलेला नाही. ईदला उंबऱ्याबाहेरून सलाम करतो. मात्र टेप घेऊन माणूस पाठवतो, खोली मोजायला. त्याला तिथे वायरींचे गोदाम करायचे आहे.

कलम दुसरे. खोली नाहीदला देते ती अटीवर, आणि अट मी त्याच लोकांकडून शिकले: घ्या, बदला, वाटा, पण पुढच्याला अडवू नका. नाहीदने खोली विकू नये. रविवारी दार बंद ठेवू नये. तिने कोणाला दिली तर त्यानेही हीच अट पुढे चालवावी. आणि एक अट माझ्या पदरची: तिथे कोणी अडाण्यासारखे विचारले तर हसायचे नाही. शिकवता बाकी सारे उघडे करून, आणि एका शब्दाने माणूस घराबाहेर घालवता.

कलम तिसरे. शिलाई मशीन नाहीदला. पिंजण सरफराजला, वाजवता येणार नाही, पण बापाचे आहे. त्याने विकले तरी मी कबरीतून उठून येणार नाही. कम्प्युटरला मी शिवलेली गवसणी धुवून वापरावी. माझ्या रजया सरफराजच्या बायकोला, जरी ती म्हणते की त्यांना वास येतो.

कलम चौथे. कफन घरात शिवून ठेवले आहे. माझ्या जनाज्याला सरफराजने खांदा द्यावा. नाही दिला तर कोणी त्याला बोलावू नये.

कलम शेवटचे. सरफराज म्हणतो, समोरची खोली रस्त्यावर आहे, ती तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरते. भरत असेल. जास्त भरली तर वारसाची संमती लागते, नाहीतर नाहीदची खोली मोडते. मी म्हटले, बोलवा त्याला, आताच सही घेते. मौलाना साहेब म्हणाले, "नाही चालत नूरीबी. वारसाने तुमच्या जिवंतपणी दिलेली संमती आमच्यात धरत नाहीत. तुम्ही गेल्यावर त्याने दिली तरच ती संमती." म्हणजे माझा पोरगा लेकीसारख्या पुतणीला खोली देतो की हिसकून घेतो, हे सगळ्या गावाला दिसेल, फक्त मला नाही. मग मी त्याला काही सांगायला गेले नाही. जागा कोरी सोडली आहे.

लिहून देणार: नूरीबी हबीब पिंजारी (सही मराठीत)

साक्षीदार: १. गुणवंतराव, शेजारी (सही)
२. आशाबाई, त्यांची पत्नी (अंगठा)
दोघांनी कागद वाचून घेतला, चहा घेतला, आणि मत दिले नाही.

भद्रावती, रविवार, ता. १२ नोव्हेंबर २००६

माझ्या मागे, वारस सरफराज हबीब याची संमती:

....................................