गाडीतला गारठा

प्रिय माऊ,

गाडीचं दुखणं अखेर सापडलं. हे फोनवरही सांगता आलं असतं, तुझी आई तर फोन लावून माझ्या हातात द्यायला निघाली होती. पण फोनवर मी माझ्या सोयीचं तेवढंच सांगतो, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? म्हणून लिहायला बसलो. काल चार महिन्यांत पहिल्यांदा दुपारी गाढ झोपलो. श्वास चालू आहे ना, ते आई दोनदा येऊन बघून गेली म्हणे.

त्या दिवसाबद्दल आपण पुन्हा बोललोच नाही. टिल्लीला तुझ्याकडे सोडायला निघालो होतो. दीड तासाचा रस्ता, हवा दमट, ती मागच्या सीटवर बाहुलीशी भांडत बसलेली. गाडी आतली हवा आपोआप हवी तेवढी थंड राखते, म्हणून तू किती हौसेने घेऊन दिली होतीस. मी चोवीसवर लावलं होतं, आणि तुझ्या घरापाशी येता येता दात वाजायची वेळ आली. मग समोरची काच पांढरी झाली. मी आतून फडक्याने पुसत राहिलो, ती काही पुसली जाईना, आणि तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच पुढचं चाक चरात गेलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण तू धावत आलीस, टिल्लीला उचललंस आणि म्हणालीस, बाबा, आता गाडी बास. तेव्हापासून नात माझ्या गाडीत बसलेली नाही आणि फोनवरही येत नाही.

मी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने गॅस तपासला, जाळी धुतली, पंखा उघडून पाहिला, गल्लीतून एक चक्कर मारली आणि म्हणाला, काका, गाडी एकदम ओके आहे. दुसरा कोणी खूश झाला असता, मी घाबरलो. मोठ्या काकांचं विसरणं कसं सुरू झालं होतं, आठवतं तुला? फ्रिजचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवायचे, दूध गोठायचं, आणि काकूने विचारलं की शपथेवर सांगायचे, मी हात लावला नाही. मला वाटलं, आता माझी पाळी. मीच आकडा पार खाली नेला असणार आणि विसरलो असणार.

आईला न सांगता डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी चित्रं दाखवून नावं विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. म्हणाले, ठणठणीत आहात. म्हणजे गाडी ठणठणीत, मी ठणठणीत, मग काच कोणी पांढरी केली? माझा डॉक्टरांवर विश्वास बसला नाही. तू गाडी बंद कर म्हणाली होतीस, ती मी बंदच ठेवली होती, फक्त दारात उभी करून इंजिन चालू करायचो. कोल्ड स्टोरेजच्या नोकरीतला जुना थर्मामीटर काढला आणि वही घेऊन आत बसलो. दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचो. आई खिडकीतून बघून म्हणायची, नोकरी सुटली पण साहेबांची ड्यूटी काही सुटत नाही. तीन दिवसांच्या वहीत एकच गोष्ट दिसली. पहिला अर्धा तास सगळं ठीक, तासाभराने आत सतरा. बटण चोवीसवरच, आणि ते चोवीसवर आहे हे मी दर वेळी लिहून ठेवलं होतं.

ती वही घेऊन पुन्हा गॅरेजमध्ये गेलो. या वेळी वायरिंगचं काम करणाऱ्या एक बाई होत्या. माणूस कामाचं. त्यांनी वही नीट वाचली, गाडी तासभर चालू ठेवली आणि कॉम्प्युटर जोडला. माझा थर्मामीटर सतरा म्हणत होता आणि गाडीला वाटत होतं, आत छत्तीस आहे. मग बिचारी गार करत सुटणार नाही तर काय? बाईंनी सांगितलं, स्टिअरिंगशेजारी एक बारीक जाळी असते, तिच्यातून गाडी आतली हवा ओढून घेते आणि तापमान बघते. त्या जागेवरून त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, ही पट्टी कोणी लावली?

माऊ, मीच लावली होती. गाडी आली त्याच आठवड्यात. त्या भोकातून हवा ओढली जातेय, हे माझ्या हाताला कळलं. तीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये घालवलेल्या माणसाला हवा जाणारं भोक बघवत नाही. चंदेरी चिकटपट्टी कापली, सुटू नये म्हणून कोपरे गोल केले, बसवली आणि विसरलो. जाळी बंद, मागे डॅशबोर्डची ऊब साठायची आणि गाडी तेवढीच मोजायची. काचेचंही तेच. थंड दाराला घाम बाहेरून फुटतो, हे मी नव्या माणसांना घसा कोरडा होईपर्यंत शिकवलं, आणि स्वतः आतून पुसत बसलो. वायपर एकदा फिरवला असता तर रस्ता दिसला असता. बाई हसल्या, मीही हसलो, आणि मग गॅरेजमधल्या स्टुलावर बसून मला रडू आलं. माझं डोकं जागेवर आहे. पट्टी लावण्याइतकं मूर्ख आहे, पण जागेवर आहे.

आता जे फोनवर गाळलं असतं ते. त्या दिवशी तू विचारलंस, एवढं गार कशाने झालं, तेव्हा मी म्हणालो, पाणी घ्यायला उतरलो होतो तेव्हा टिल्लीने पुढे येऊन बटणं फिरवली, मी काचेतून पाहिलं. मी काही पाहिलं नव्हतं. काकांसारखं झालंय असं तुला वाटू नये म्हणून जे सुचलं ते बोललो. ती हात लावला नाही, नाही लावला, असं रडून सांगत होती आणि तू माझ्या शब्दावर तिला मारलंस. सहा वर्षांची पोर खरं बोलत होती आणि तिचा आजोबा खोटं. गाडीत बसू दे असं मी म्हणत नाही, ते तू ठरव. तिला जवळ घेऊन एवढंच वाच: टिल्ली, तू बटणाला हात लावला नव्हतास. आजोबा खोटं बोलले. का बोलले असं तिने विचारलं, तर सांग, घाबरले होते.

तुझाच,
खजील पण ठणठणीत
बाबा