त्रेचाळीस दुकानं, एक नंबर

१ ऑगस्ट
सकाळी उपाशीपोटी कारुलिमचे, म्हणजे सताप-लिंबू घातलेल्या उसाच्या दारूचे, सात घोट घेतले. घसा जळला! थंडीचा ऑगस्ट मरतुकड्या गाई आणि म्हातारे नेतो म्हणतात. मी एक्कावन्नची, म्हणजे दोन्हींच्या मधेच कुठेतरी.

नऊ वाजता कंपनीचं पत्र. एकवीस तारखेपासून सगळी दुकानं क्लाऊडवर. दुकानातल्या कॉम्प्युटरवर काही बसवायचं नाही, सगळं त्यांच्याकडे राहणार. आम्ही विक्रेत्यांनी फक्त गिऱ्हाइकांची यादी भरायची – नाव आणि मोबाईल नंबर. फक्त! सतरा वर्षं एन्कार्नासिओनमध्ये दारोदार फिरून दुकानाच्या हिशेबाचं हे सॉफ्टवेअर मी विकलं, बसवलं, अडलं की धावले. नंबर गेले की कंपनी त्यांच्याशी थेट बोलणार. मग मला, झुनिल्दाला, कोण विचारतो?

२ ऑगस्ट
एउसेबियोचा फोन. काआग्वासूचा विक्रेता. धंदा मला त्यानेच शिकवला, तिथल्याच दुकानांत फिरवून, आणि त्याची धाकटी मुलगी माझी धर्मकन्या, म्हणून मी त्याची 'कोमाद्रे'.

"कोमाद्रे, एकही नंबर द्यायचा नाही! सगळे अडून बसलो की येतील झक मारत."

"आणि नाही आले तर?"

"तू पहिल्यापासून भित्रीच!"

दिला शब्द. तसेही माझ्या गिऱ्हाइकांचे नंबर कंपनीच्या हाती लागणार नाहीत. त्रेचाळीसही दुकानं मी कंपनीकडे माझ्याच मोबाईल नंबरवर नोंदवलेली. ही युक्ती त्याचीच, आमच्यातले बहुतेक सगळे असंच करतात.

८ ऑगस्ट
पास्तोराबाईंच्या औषधाच्या दुकानात तेरेरेचा गार काढा प्यायला बसले. तिला काही सांगितलं नाही.

"तोंड का उतरलंय, पोरी? नवरा परत आला की काय?"

दाढ दुखते म्हटलं. तिने लगेच गोळी काढून दिली. घ्यावी लागली.

१५ ऑगस्ट
सणाची सुट्टी. तीनदा यादी उघडली, तीनदा बंद केली.

२१ ऑगस्ट
घात झाला! यादीची वाट न बघता कंपनीने सगळं क्लाऊडवर उचललं. एक नंबर म्हणजे एक गिऱ्हाईक – माझी त्रेचाळीस दुकानं मिळून एकच दुकान झालं! अवजारांच्या दुकानात खोकल्याचं औषध दिसतंय, पास्तोराकडे नांगराचे फाळ. आणि तिच्या समोरचा औषधवाला वेन्सेस्लाओ, वीस वर्षांचा वैरी, तिचे खरेदीचे भाव वाचत बसलाय.

पास्तोरा ॲप्रन घालूनच माझ्या दारात. "माझं सगळं दुकान त्या मेल्यासमोर उघडं टाकलंस!"

नंबराचं खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू मला लपवून ठेवलं होतंस? कोंबडी आहे का मी तुझ्या टोपलीखालची?"

फार लाज वाटली. मला वाटायचं, मी त्यांना सांभाळतेय.

२२ ऑगस्ट
कंपनी म्हणते, दुकानं वेगळी करायची तर प्रत्येकाचा स्वतःचा नंबर द्या. एउसेबियो म्हणतो, "हात लावू नकोस! होऊ दे गोंधळ, त्यांचं ते निस्तरतील." त्याचीही तीच गत झालीय, पण तो खुशीत!

पास्तोराकडे एक बाई इन्सुलिनसाठी तासभर उभी होती. कॉम्प्युटर शिल्लक दाखवेना, शेवटी फ्रिज उपसून शोधलं. आता कसला शब्द नि कसलं काय.

२५ ऑगस्ट
झाले त्रेचाळीस. तीन दिवस दुकान-दुकान फिरले, मालकाला विचारून त्याच्यासमोर नंबर भरला. वेन्सेस्लाओ दात काढत म्हणाला, "अजून चार दिवस उशीर केला असतास तरी चाललं असतं!" पास्तोराने मान वर न करता नंबर सांगितला. तेरेरे विचारलं नाही.

एउसेबियोला मीच कळवलं. "गद्दार" एवढंच लिहून त्याने मला विक्रेत्यांच्या ग्रुपमधून काढलं. दिवसभर पायाला भिंगरी, तरी डोकं थांबत नाही. उद्यापासून करायचं काय?

३१ ऑगस्ट
कंपनीचा फोन. सगळ्या विक्रेत्यांत गुंता सोडवणारी मी एकटीच ठरले. पगारावर येता का, विचारलं. पहिलं काम काआग्वासू – एकशे दहा दुकानं अडकलीत, तिथला विक्रेता कोणाला हात लावू देत नाही. "दुकानदार तुम्हाला ओळखतात ना?"

ओळखतात.

सोमवारी निघते म्हटलं.