गार न लागणारी पोवळी

मलकापूर,
शुक्रवार दुपार

प्रिय आरोही,

फोन न करता पत्र लिहिते आहे, म्हणजे काहीतरी बिनसलं आहे हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. फोनवर बोलायची सोय नाही. इकडे तुझे बाबा कान देऊन बसतात आणि तिकडून तू ‘हो आई, हो आई’ करत भांडी लावत असतेस. तर ऐक. गार्गी माहेरी गेली आहे, आपल्या जिल्ह्यातल्या उंद्रीला. शेजारीपाजारी ‘तिच्या आईला बरं नाही’ असं सांगितलं आहे, पण विहीणबाई चांगल्या ठणठणीत आहेत. गार्गी गेली ती माझ्यामुळे. तुझ्या आजीची पोवळ्यांची माळ कपाटातून गेली, तिच्या जागी मातीची माळ आली, आणि मी ते गार्गीच्या नावावर लावलं. बायको गेल्यापासून कुशल माझ्याशी जेवणापुरतं बोलतो. आता पहिल्यापासून सांगते. तुला मध्ये बोलता येणार नाही, हे एका परीने बरंच आहे.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तुझे बाबा म्हणतात, “तुले दुधातल्या पाण्यावर संशय येते अन् पाण्यातल्या दुधावरही येते.” पण तूच सांग, नवी सून मागच्या खोलीचं दार लोटून तासन् तास बसते, कुरिअरवाला दर आठवड्याला पुडकी आणून देतो, खोलीतून प्लास्टिक तापल्यासारखा वास येतो, तर सासूने काय समजायचं? त्यात बनाबाई. ती आपली भांडी घासायला येते, पण तिची जीभ जास्त काम करते. “सून दार लावून काय करून राह्यली वो ताई? मले तर काही बरं दिसत नाही.” मी म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. एक दिवस सरळ आत शिरले. बघते तर काय, टेबलावर रंगीत मातीच्या वड्या, त्या भाजायला एक छोटा ओव्हन, आणि मधोमध माझं शेवयांचं यंत्र! तेच गं, माळ्यावर ठेवलेलं, ज्याच्या दोन रुळांत लहानपणी अंगठा घालून तू सगळी गल्ली गोळा केली होतीस. त्यातून पोरगी निळ्या-पिवळ्या मातीच्या पोळ्या काढत होती. मला बघून उठली आणि शांतपणे म्हणाली, “आई, यातून आता खायच्या शेवया नका काढू. ही माती पोटात जायले नको.” माझ्याच यंत्राबद्दल मलाच ताकीद! माझ्या मनात गाठ बसली.

खरं सांगायचं तर तिचं काम बघत राहावं असं होतं. ती रंगीत माती, पॉलिमर क्ले म्हणतात तिला, आधी मऊ होईपर्यंत मळायची, लाटायची, झाकणाने गोल कापायचे, टाचणीने भोक पाडायचं, मग बेताच्या आचेवर भाजायचं. आच जास्त झाली की रंग करपतो. आणि सगळ्यात शेवटी पॉलिश पेपरने घासायचं, कारण मळणाऱ्याच्या बोटांचे ठसे मातीवर उमटतात आणि भाजल्यावर कायमचे राहतात. कॉलेजच्या पोरी तिच्याकडून कानातले घेऊन जातात ते काही उगाच नाही. तू दिवाळीला आलीस तेव्हा तूही तिच्याजवळ बसलीस. नणंद-भावजय हसत खिदळत मणी वळताहेत हे बघून मला किती बरं वाटलं होतं! तुझा घाईचा स्वभाव, तू घासायचा कंटाळा करायचीस, आणि गार्गी पुन्हा पुन्हा सांगायची, “ताई, घासा हो, नाहीतर कोणी केलं ते कळते.”

त्याच दिवाळीत, फराळाचे डबे भरताना, मी तुला सांगितलं होतं की आजीची माळ यंदा संक्रांतीला गार्गीच्या गळ्यात घालणार. तू फक्त ‘बरं’ म्हणालीस आणि चकलीचा डबा बंद केलास. मला तेव्हा त्या ‘बरं’मध्ये काही दिसलं नाही. बघ, जिला सगळ्या जगावर संशय, तिला नेमकं तिथेच काही दिसलं नाही.

गार्गीची पहिली संक्रांत. काळी साडी, अंगभर हलव्याचे दागिने, पोरगी काय गोड दिसत होती! बायका जमल्या, मी ऐटीत कपाट उघडलं, डबीतून माळ काढली. आणि हात तिथेच थांबला. तुझी आजी म्हणायची, खरं पोवळं अंगाला लागलं की आधी गार लागतं. जानेवारीतली सकाळ, लोखंडी कपाट, आणि माळ हाताला गारच लागेना. वजनही फुलासारखं. रंग हुबेहूब, दोन्ही बाजूंचे सोन्याचे मणी जागच्या जागी, पण मधली पोवळी पोवळी नव्हती. बायका बघत होत्या. मी माळ डबीत ठेवली, ‘दोरा कच्चा झालाय, ओवून घेऊ’ म्हणाले आणि तिळगूळ वाटला. गार्गी मान पुढे करून बसली होती, तिने ती हळूच मागे घेतली. ते मला अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

बायका गेल्या आणि मी तिच्यावर तुटून पडले. माती तुझी, लाल रंग तुझा, ओव्हन तुझा, घरात हे काम येतं कुणाला? तोंडाला येईल ते बोलले, अगदी तिच्या माहेरापर्यंत गेले. तिने माळ हातात घेतली, मधला मोठा मणी फिरवून फिरवून पाहिला, त्यावरून अंगठा फिरवला. मग माळ टेबलावर ठेवून एवढंच म्हणाली, “आई, हे मी नाही केलं.” मी म्हटलं, मग कोणी केलं? त्यावर एक शब्द नाही. मला वाटलं, चोरी पकडली गेली की माणूस असाच गप्प होतो. दोन दिवस ती स्वयंपाक करत होती, तिसऱ्या दिवशी बॅग भरली. ओव्हन पुसून, शेवयांचं यंत्र कागदात गुंडाळून माझ्या खोलीच्या दाराशी ठेवून गेली.

ती गेल्यावर घर खायला उठलं, आणि रिकाम्या घरात माझ्या संशयाला दुसरं काम उरलं नाही. तुझ्या बाबांनीच पहिली काडी टाकली. म्हणाले, “चोर असता तर सोनं नेलं असतं ना वं. पोवळी नेऊन सोनं ठेवते, तो कसला चोर?” मी दिवसभर त्याच वाक्याभोवती फिरत राहिले. सोनं ठेवून नुसती पोवळी कोण नेईल? ज्याला विकायची नाहीत तो. ज्याला ती गळ्यात घालून बसायची आहेत तो. आणि गार्गीला चोरायची काय गरज होती? माळ तर तिच्याच गळ्यात पडणार होती. मग मी तुझ्या बाबांचं भिंग घेतलं आणि गार्गीने जो मणी फिरवून फिरवून पाहिला होता तो खिडकीत धरला. कडेला थोडा करपलेला. गार्गीच्या हातून असं होत नाही. घासलेलाही नव्हता. आणि त्यावर अंगठ्याचा ठसा होता, स्पष्ट. त्या ठशाच्या रेघांना मधोमध कापत गेलेली एक उभी रेघ होती.

आरोही, त्या अंगठ्याला टाके घालताना तुला मांडीवर धरून मी बसले होते. डॉक्टर म्हणाले होते, खूण राहील.

या दिवाळीत आम्ही सगळे पिंपळगाव राजाला मामाकडे भाऊबीजेला गेलो आणि तू डोकं दुखतं म्हणून घरी राहिलीस, हे मला आता आठवतं. रागावू की रडू हेच कळत नाही. आजीच्या मांडीवर झोपताना ती माळ तू मुठीत धरायचीस, सोडवली की जागी व्हायचीस. तुला पाटल्या दिल्या, गोठ दिले, म्हणून माळ सुनेची असा माझा हिशेब. माझ्याजवळ मागितली असतीस तर मी दिली असती का? खोटं कशाला बोलू, दिली नसती. पण भांडली असतीस तरी चाललं असतं गं. तू डबीत मातीची माळ ठेवून गेलीस आणि तिचा आळ एका परक्या घरून आलेल्या पोरीवर आला.

आणि हे पत्र त्यासाठीच. गार्गीने तो मणी बघताक्षणी ओळखलं होतं. तिनेच तुला शिकवलं, तुझा हात तिला माहीत. एक नाव घेतलं असतं तर सुटली असती. नणंदेचं नाव घेतलं नाही, माझे शब्द मुकाट्याने ऐकून घेतले आणि उंद्रीला निघून गेली. ती घेत नाही म्हणून या पत्रात मी घेते. पत्र तुला पोचायला हवं म्हणून परवा नाही, त्यापुढच्या रविवारी मी तिला आणायला जाते आहे, तिच्या आईवडिलांसमोर तिची क्षमा मागणार आहे. तुझं नाव मी तिथे सांगणार नाही, ते तू सांगायचंस. पुण्याहून थेट उंद्रीला ये. माळ कुणाच्या गळ्यात राहायची ते गार्गी ठरवेल, आणि ती म्हणेल ते मला मान्य. फक्त एक कर. पोवळी पर्समध्ये लपवून आणू नकोस, गळ्यात घालून ये.

रागातही तुझीच,
आई