बापाच्या बुटाचा नंबर

१४ ऑक्टोबर २०२२

सापडला! पार्मात, क्लीव्हलँडच्या जरा खाली, एका शाळेच्या मैदानावर, अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात. खरं तर आमच्या कॉलेजच्या संघासाठी दुसऱ्याच पोराला बघायला गेलो होतो. तो निघाला नुसता भोपळा. उभा राहिला की छान दिसतो, हलायला सांगितलं की घाम फुटतो. उठणारच होतो, तेवढ्यात डाव्या टोकाचा लांबडा पोरगा दिसला. ओस्ताप. वय सतरा. मार्चमध्ये आईबरोबर युक्रेनहून आला, ऑगस्टमध्ये जन्मात पहिल्यांदा हेल्मेट घातलं. निम्मे नियम ठाऊक नाहीत. पण पाय! एवढ्या उंच देहाला नाचणाऱ्याचे पाय!

समोरच्या गड्याला त्याने असा उचलून आडवा केला की मी हातातली कॉफी मांडीवर सांडली. आणि मग पठ्ठ्याने काय करावं? वाकून त्याला हात दिला आणि माफी मागितली.

सामना संपल्यावर गाठलं. म्हटलं, "अरे, आडवा केल्यावर माफी नाही मागायची." तर म्हणतो, "पण कोच, त्याला लागलं असेल ना."

मला हवाय हा पोरगा. हवाच आहे.

१७ ऑक्टोबर

हॅस्केलला चित्रण दाखवलं. तो मुख्य कोच, शिष्यवृत्तीवर सही त्याची, मी आपला लाइनचा मास्तर. हॅस्केलने दोनदा बघितलं आणि म्हणाला, "वॉल्ट, हा काटकुळा आहे. याला वाळत घातलाय की काय?"

"भरेल."

"कशावरून? बाप केवढा आहे?"

आमच्या धंद्यात हाच प्रश्न. चेंडूवाल्या पोराला कुणी हात लावू नये म्हणून पुढे पाच जण भिंतीसारखे उभे करायचे — त्यांची नावं कुणाला माहीत नसतात, पण ते नसले तर सामना संपला! आणि सतराव्या वर्षी ही भिंत अर्धीच बांधलेली असते. पुरी झाल्यावर केवढी होईल ते बापाकडे बघून ठरवायचं. मी आईचे खांदे बघतो, मामाचं मनगट बघतो, पण खरा विश्वास बुटांवर. माणूस पोट आत घेईल, ताठ उभा राहील. पाऊल लहानमोठं करता येत नाही.

बाप तिकडे लढाईवर आहे. हॅस्केल म्हणतो, एकच जागा उरलीय आणि फ्लोरिडाचा एक तयार गडी डोळ्यासमोर आहे. "बापाचा नंबर आण, मग बोलू." आणतो!

२ डिसेंबर

आज ओस्तापच्या घरी जाऊन आलो. घर त्यांचं नाही, स्तेफाबाईंचं. या सत्तरीच्या, आईबाप युक्रेनचे, जन्म पार्मातला, पण रोज सकाळी युद्धाच्या बातम्या अशा ऐकतात की जणू सेनापती यांच्याकडूनच हुकूम घेतो. मायलेकांना वरच्या दोन खोल्या दिल्यात.

दारातच बूट काढायला लावले. मला कोण आनंद! सगळ्या घराचे बूट एका ओळीत! पण त्यांत बापाचे नाहीतच, असणार कुठून. आणि माझ्या मोज्यातून अंगठा बाहेर. नॉर्मा सकाळी म्हणालीच होती, "वॉल्ट, मोजे बदल, लोकांच्या घरी चाललायस." बायकोचं ऐकायला हवं होतं.

आई ओरिस्या. उंच, सरळ, कमी बोलणारी. तिने वारेनिकी वाढली, उकडलेल्या करंज्यांसारखी, बटाटा भरून, वर परतलेला कांदा. मी नको म्हणेपर्यंत वाढत राहिली आणि मी काही नको म्हटलं नाही. मग तोंड पुसून माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. शेकडो आयांपुढे केलेलं. "बाई, मी पोरांना खंदकात उतरवतो. खंदकात जो टिकतो तो आयुष्यात टिकतो. तुमचा मुलगा माझ्या खंदकात — "

काट्याचमच्यांचा आवाज थांबला.

ओस्ताप ताटाकडे बघत होता. स्तेफाबाई म्हणाल्या, "ए कोच, हिचा नवरा मिरोन बाखमुतजवळ आहे. खंदकात. गुडघाभर चिखलात. तू कुठल्या खंदकाचं सांगतोयस? तो गवत असलेला? शेजारी सरबताच्या बाटल्या मांडलेला?"

जमीन दुभंगावी असं वाटलं. लाइनला आम्ही खंदकच म्हणतो! सगळेच म्हणतात! मी बोलायला गेलो तर लक्षात आलं, युद्धाचे शब्द काढून टाकले तर माझ्याजवळ बोलायला काही उरतच नाही. हल्ला, फळी, बाँब, गोळीबार — एवढीच माझी भाषा. शेवटी म्हणालो, "बाई, तुमचा मुलगा ढकलतो फार छान." 

ओरिस्याला हसू आलं. आधी दाबलं तिने, मग नाही दाबलं. "बापही ढकलायचा," ती म्हणाली. "बस बंद पडली की प्रवाशांना उतरवायचा नाही. एकटा ढकलायचा." मिरोन तिकडे बस चालवायचा.

मी संधी साधली. "नंबर काय हो त्यांच्या बुटाचा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. समजावून सांगितलं. ओरिस्याला आठवेना, तो आपले बूट आपणच आणायचा. ओस्ताप म्हणाला, "रविवारी बाबांचा फोन येतो. विचारतो." स्तेफाबाई कपाळाला हात लावून बसल्या. "माणूस तोफांखाली बसलाय आणि हा विचारतोय बूट केवढा!"

पण निघताना डबा भरून वारेनिकी दिली. याचा अर्थ राग नाही.

६ डिसेंबर

मैदानावर नवा नियम: युद्धाचा शब्द तोंडातून आला की वीस जोर. माझ्यासकट. आज सगळ्यांत जास्त जोर मीच काढले. पोरं खूश!

११ डिसेंबर

ओस्तापने बापाला विचारलं. बाप इतका हसला म्हणे की शेजारच्याने येऊन बघितलं काय झालं. "कुठल्या वेड्याच्या नादी लागलायस?" म्हणाला. नंबर सांगणार तोच फोन तुटला. पुढच्या रविवारी सांगेल.

१८ डिसेंबर

फोन आला नाही.

२१ डिसेंबर

आज पोरं सह्या करतात. टेबलावर कॉलेजांच्या टोप्या मांडायच्या, एक उचलून डोक्यावर घालायची, आई रडते, फोटो. ओस्तापने सही केली नाही. म्हणाला, "बाबांना सांगितल्याशिवाय नाही, कोच." मी म्हटलं, बरोबर आहे. आणखी काय म्हणणार?

फ्लोरिडाच्या गड्यानेही अजून सही केलेली नाही. हॅस्केल त्याच्याशी दिवसातून दोनदा फोनवर गोड बोलतो. फेब्रुवारीत शेवटची तारीख. तोपर्यंत जागा धरून ठेव म्हणून मी आज हॅस्केलच्या खोलीत आवाज चढवला. "बापाचा नंबर कुठाय?" तो म्हणाला. मी म्हणालो, "बूट बघितले मी! होडीएवढे आहेत!" धडधडीत खोटं! तोंडातून निघून गेलं. हॅस्केलने मान डोलावली.

आता मिरोन बुटका निघाला तर माझी अब्रू गेली. निघू दे बुटका. फोन येऊ दे फक्त.

२५ डिसेंबर

नाताळ. नॉर्माने हॅम छान केला होता. जेवताना मी मधेच उठून फोन बघत होतो. ती म्हणाली, "तुझा सख्खा भाऊ असल्यासारखा वागतोयस." कधी भेटलो नाही त्या माणसाला. काय म्हणावं याला!

१४ जानेवारी २०२३

पार्माला गेलो. जुन्या पंचांगाप्रमाणे यांचं आज नवीन वर्ष. घरात सण, पण टेबलावर एक ताट रिकामं मांडलेलं. कुणासाठी ते विचारलं नाही. मोजे नवे घातले होते.

ओस्ताप परवा अठराचा झाला. मला अंगणात नेलं, बर्फ झाडायचं निमित्त करून. म्हणाला, "कोच, मी परत जातोय. बाबांच्या तुकडीत. आईला अजून सांगितलं नाही."

आयुष्यभर मी पोरांना सांगत आलो, मागे हटू नका, जोडीदाराच्या खांद्याला खांदा लावा. तेच पोरगं मला तेच करून दाखवायला निघालं! आणि मला काय वाटलं? याला इथेच बर्फात गाडून ठेवावं आणि युद्ध संपल्यावर काढावं. भीती वाटली.

शेवटी म्हणालो, "माझं ऐकू नकोस. मी मतलबी माणूस आहे, मला लाइनवर तू हवायस. पण आईला न सांगता जाऊ नकोस. आपल्या माणसाला पाठीवर धक्का बसू द्यायचा नाही, एवढंच मी आजवर शिकवलंय."

त्याने बर्फ असा झाडला की शेजारच्यांचंही अंगण साफ झालं.

आत गेल्यावर स्तेफाबाईंनी मला वारेनिकीच्या कडा दाबायला बसवलं. माझी सगळी फुटली. ओरिस्याने एक उचलून सगळ्यांना दाखवलं. "याचं तर पोट सुटलंय," म्हणाली. ओस्ताप हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, कारण ती त्याच्याकडे बघतच राहिली. मला वाटतं, तिला सगळं आधीच कळलंय.

१८ जानेवारी

हॅस्केल: "मला शुक्रवारपर्यंत उत्तर हवं." मी: "महिनाअखेरपर्यंत." तो: "तुझी होडी बुडतेय, वॉल्ट." फ्लोरिडाचं पोरगं वाईट नाही, बिचाऱ्याचा काय दोष.

२२ जानेवारी

जिवंत आहे!!!

ल्विवच्या इस्पितळातून फोन केला. पायाला लागलंय, बाकी ठणठणीत. स्तेफाबाईंनी मला कळवलं, पण रडत आणि ओरडत अशा की आधी मला उलटंच वाटलं. मी बसूनच घेतलं, दुकानात, दुधाच्या कपाटासमोर.

मग ओस्ताप फोनवर आला. आईला त्याने सगळं सांगितलं होतं आणि तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने इस्पितळातून लेकाला अर्धा तास झापलं! "माझ्या जागेवर मी उभा होतो. तू तुझ्या जागेवर उभा राहा. तुझ्या मागे तुझी आई आहे आणि तो चेंडूवाला पोरगा आहे. दोघांना सांभाळ." आणि मग म्हणे विचारलं, "तो बूटवाला कोच अजून आहे का?"

"नंबर सांगितला का रे?" मी विचारलं.

"नाही. पुन्हा हसायलाच लागले. म्हणाले, कोचला मीच भेटून सांगेन."

माणूस मस्त आहे!

१ फेब्रुवारी

सही झाली. स्तेफाबाईंच्या स्वयंपाकघरात. टेबलावर एकच टोपी, तीही त्याच्या डोक्यात जाईना. आता डोकंही मोजायला हवं! ओरिस्या रडली, स्तेफाबाई रडल्या, मी कांद्यावर ढकललं. हॅस्केलने फोनवर सगळ्यांचं अभिनंदन केलं आणि शेवटी फक्त मला म्हणाला, "होडीएवढे ना? तुझ्या शब्दावर घेतलाय." मी हो म्हटलं. पुढचं पुढे.

फ्लोरिडाचं पोरगं जॉर्जियाला गेलं. बरं झालं, तिथली हवाही त्याला मानवेल.

२९ एप्रिल

ओस्ताप भरायला लागलाय! स्तेफाबाई दिवसातून पाचदा वाढतात. आज वजन करायला उभा राहिला तर हॅस्केलने काटा तपासला.

विनोद सोडला तर एक गोष्ट मनात आहे. मिरोन क्लीव्हलँडला उपचाराला येतोय म्हणतात. पायाला नेमकं काय लागलंय, हे कुणी सांगत नाही. विचारलं की ओस्ताप म्हणतो, "बाबा येऊन सांगतील." मी पुन्हा विचारलं नाही.

५ जून

नवी पोरं आली. ओस्ताप डाव्या टोकाला. पहिल्याच दिवशी जुन्या गड्याला आडवा केला, मग हात देऊन उठवलं. माफी अजून मागतोच. मागू दे.

१० जून

मिरोन आमच्या मैदानावर आला. स्तेफाबाईंच्या गाडीतून उतरायलाच वेळ लागला, एवढा मोठा माणूस. हॅस्केल खिडकीतून बघत होता, त्याने खुशीत अंगठा वर केला. मी हसत बाहेर धावलो आणि जन्माची सवय, आधी खाली बघितलं. उजवा बूट होता. डाव्या बाजूला विजार गुडघ्यावर दुमडून पिन लावलेली.

मी कुठे बघतोय ते त्याने बघितलं. कुबड्या लेकाकडे दिल्या, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि पिशवीतून एक बूट काढून माझ्या हातात ठेवला. कोरा, लष्करी, डाव्या पायाचा. तळाला नंबर अठ्ठेचाळीस, खरंच होडीएवढा.

"नवी जोडी मिळाली होती," तो म्हणाला. "हा आता मला लागत नाही. तुम्हाला नंबर हवा होता ना?"

आणि हसला. पूर्ण मैदान वळून बघायला लागलं.