बुपाती येईपर्यंत धक्का बंद

लेनामातू, ४ मे १९९३

ती. एलियासदादास,
योसिनाचा सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव. इकडे मी टाइप करून करून बेजार झालेय. तालुक्याचे नवे साहेब, सुगिहार्तो, जावाहून आलेत. भला माणूस, पण पर्यटनाने झपाटलेला. तालुक्याची माहितीपुस्तिका काढायची म्हणून माझ्याकडून चतुःसीमा टाइप करून घेतल्या: उत्तरेस समुद्र, दक्षिणेस समुद्र, पूर्वेस समुद्र, पश्चिमेस समुद्र. मग तालुक्यात बेटं किती, यावर गाडं अडलं. भरतीला मोजली तर कमी भरतात, ओहोटीला जास्त. शेवटी साहेब म्हणाले, ओहोटीचीच घाला, वरच्यांना कुठे पोहून बघायचंय!

आता खरी बातमी. धक्का बांधून झाला! जहाज थेट त्याला लागणार. दोरीची शिडी नाही, खाली हेलकावणारी होडी नाही. गेल्या खेपेला तू ट्रंकेसकट समुद्रात पडलास, त्याला नऊ वर्षं झाली. आता बोट धरून आणल्यासारखा उतरशील. आणि लवकर ये, दादा. फिरत्या डॉक्टरांनी आईला काचबिंदू सांगितलाय. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. ती रोज विचारते, मला दिसतंय तोवर एलियास येतोय ना?

पण एक गंमत झालीय. गंमत की घोटाळा ते तूच ठरव. उद्घाटनासाठी साहेबांनी काल अख्ख्या धक्क्याला नारळाची कोवळी पानं बांधली. गाव जमा झालं. आपला थोरला बास्तियानदादा पडला गावाचा राखणदार, केवांग; पानं बांधली की मुदत संपेपर्यंत तिथे कुणी पाय टाकायचा नाही, त्या सासीची राखण म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याला वाटलं, वा, जावाच्या माणसाला आपली सासी कळते! त्याने सगळ्यांसमोर अदबीने विचारलं, कधीपर्यंत? साहेब म्हणाले, जिल्ह्याचे मुख्य साहेब, बुपाती, उद्घाटनाला येईपर्यंत, आणि तोवर एका पानालाही कुणी हात लावायचा नाही. दादाने त्यांचा हात हातात घेतला आणि बंदी लागल्याचा शंख फुंकला. साहेबांना वाटलं स्वागत चाललंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून धक्क्यावर कुत्रंही फिरकत नाही.

आईचे तुला पुष्कळ मुके. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
योसिना

❦

आंबोन, २९ मे १९९३

चि. योसिना हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसता हसता गुडघा टेबलावर आपटला, तेव्हा तो कसा आहे ते विचारू नकोस. अगं, जावात लग्नाच्या मांडवाला अशीच पानं लावतात! त्या बिचाऱ्याने धक्का नवरीसारखा सजवला आणि तुम्ही त्याला कुलूप लावून बसलात. गावात एवढी माणसं, एकालाही त्याच्या कानात सांगावंसं वाटलं नाही? तू तर दिवसभर त्याच्या समोर बसतेस.

साहेबांना सांग, बास्तियानदादाला सांग, चूक झाली म्हणून पानं उतरवा आणि मोकळे व्हा. मी शाळेतून निवृत्त झालोय, आता मला अडवणारं फक्त हे हाड आहे. आईच्या डोळ्यांचं वाचल्यापासून तुझी वहिनी मार्ता माझी ट्रंक उन्हात घालतेय. मला घरातून घालवायची तिला इतकी घाई कधी नव्हती.

आईला सांग, मी येतोय. धीर धर.
तुझा दादा,
एलियास

❦

लेनामातू, १७ जुलै १९९३

ती. एलियासदादास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. साहेबांना सासीचा अर्थ सांगितला तेव्हा ते आधी लाल झाले, मग पांढरे, मग त्यांनी चहा मागवला. स्वतः बास्तियानदादाकडे गेले, हात जोडून म्हणाले, माझी चूक झाली, उघडा. दादा म्हणाला, साहेब, पानाला चूक कळत नाही. मुदत तुम्ही तुमच्या तोंडाने दिलीत, गावाने ऐकली. उद्या एखादा सासीत राखलेल्या समुद्री काकड्या चोरेल आणि म्हणेल माझीही चूकच झाली, तर मी त्याला काय सांगू? साहेब परत आले. मला म्हणाले, तुमचा भाऊ वकील हवा होता.

आणि बुपाती? मे महिन्यात त्यांना बैठक होती, जूनमध्ये ताप, आता म्हणे लाटा ओसरल्यावर बघू. साहेब आठवड्याला एक तार करतात. मीच पाठवते, म्हणून सांगते, शेवटच्या दोन तारांत नुसती काकुळती आहे.

जहाज आलं की माणसं धक्क्याला वळसा घालून होडीनेच जातात. कप्तान वैतागून म्हणाला, या लोकांना सिमेंटची भीती वाटते की काय? त्यातच एक डच जोडपं जहाजातून थेट धक्क्यावर उतरलं आणि पानांसमोर उभं राहून फोटो काढू लागलं. दादाने शंख फुंकला. दंड म्हणून दोघांनी चर्चच्या ओट्यासाठी दिवसभर वाळू वाहिली. संध्याकाळी आपल्याकडे सागूची चिकट पापेदा आणि मासळीचा रस्सा ओरपला, दादाला मिठी मारली आणि म्हणाले, इतका आनंद आम्हाला कुठेच झाला नाही, मित्रांना सांगतो. साहेबांनी लगेच अहवालात घातलं: पर्यटकांचा श्रमदानास उत्स्फूर्त प्रतिसाद. दादा दोन दिवस नुसता शंख पुसत बसला. ज्याला शिक्षेत मजा वाटते त्याला शिक्षा कशी करायची, हा प्रश्न त्याच्या आजोबांनाही पडला नव्हता.

हसून झालं असेल तर पुढचं वाच. काल आईने मला माडावरचं घरटं दाखवायला सांगितलं. पूर्वी ती मला दाखवायची.

तुझी वाट बघणारी,
योसिना

❦

आंबोन, ८ ऑगस्ट १९९३

चि. योसिना हिस,
आशीर्वाद.

बुपातींची वाट बघणं पुरे. सप्टेंबरच्या जहाजाचं तिकीट काढलं आहे. बास्तियानदादाला सांग, त्याचे कायदे त्याने सांभाळावेत, मी माझा गुडघा सांभाळतो. होडीत उतरता आलं तर उतरेन, नाही तर कप्तानाला सांगून लवंगांच्या पोत्यासारखा खाली सोडून घेईन.

एवढंच. मार्ता म्हणते, पोत्यावर नाव नीट लिही.
दादा

❦

लेनामातू, २५ ऑगस्ट १९९३

ती. एलियासदादास,
सा. न. वि. वि.

कचेरीची लाँच आज निघतेय, तिच्यासोबत घाईने पाठवते. दोरखंडाला खुर्ची बांधून ठेवली आहे. तुझ्या जाडीचा म्हणून शेजारच्या सालमोनला बसवून ओढून पाहिलं. खुर्ची टिकली, सालमोन घाबरला.

दादा, एक हात जोडून सांगणं आहे. काही झालं तरी धक्क्यावर पाय टाकू नकोस. बास्तियानदादाने चर्चमध्ये उभं राहून सांगितलंय की भाऊ असला तरी शंख वाजेल. तो वरून कडक आहे, पण हे बोलून घरी आला आणि जेवला नाही. त्याच्यावर ती पाळी आणू नकोस. तोही तुझीच वाट बघतोय, फक्त तसं म्हणत नाही.

आईने तुझ्यासाठी धुरावर मासे टांगलेत. ये बाबा.
योसिना

❦

लेनामातू, १९ सप्टेंबर १९९३

सौ. मार्ता यांस,
बास्तियान केवांगचा आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही. हे कळवणं माझं काम आहे म्हणून लिहितो.

तुमचे यजमान सुखरूप पोचले आणि अटकेत आहेत. घडलं ते असं. त्या दिवशी वारा दक्षिणेचा होता. होडी जहाजाजवळ टिकेना, खुर्ची तर नाहीच. कप्तानाने जहाज धक्क्याला लावलं. एलियास फळीशी आला आणि थांबला. तो उतरला नाही, हे मी साक्षीने सांगतो. कप्तान ओरडत होता की उतरा नाही तर परत चला, तरी तो कठडा धरून उभा राहिला. मी या टोकाला, तो त्या टोकाला. गाव किनाऱ्यावर.

मी पाहत होतो त्याच्याकडे, म्हणून मागचं दिसलं नाही. आई माझ्या बाजूने पानं हाताने सारून पुढे निघाली. मी म्हटलं, आई, सासी आहे. ती म्हणाली, मला पानं दिसत नाहीत. मी म्हटलं, हाताला तर लागतात. ती म्हणाली, मग फुंक तुझा शंख.

मी फुंकला. नीट वाजला नाही.

ती चाचपडत शेवटपर्यंत गेली. मग एलियासही उतरला. आईने त्याला पार जवळ ओढलं, डोळे बारीक केले आणि मागे वळून योसिनाला ओरडून विचारलं, हा म्हातारा कोण, आपला एलियास कुठाय? गाव हसलं. एलियास हसला नाही. मीही नाही. तालुक्याचे साहेब रुमाल शोधत होते.

नियम सगळ्यांना सारखा. आई सासीत शिरली, तिला दंड. एलियास शिरला, त्यालाही दंड. वाळू दोघांनाही वाहता येणार नाही. रात्रभर विचार करून मी सकाळी गावासमोर शिक्षा सांगितली ती अशी. एलियासने रोज ऊन चढलं की ओसरीवर उजेडात आईसमोर बसायचं, आणि तिने त्याचा चेहरा पाठ करायचा. पाठ झाला असं ती स्वतः म्हणेपर्यंत त्याने बेट सोडायचं नाही.

आज मी तपासायला गेलो. एक भुवई झाली म्हणते. तिचं पाठांतर पहिल्यापासून कच्चं आहे, घाई करू नका म्हणते.

तरी पुढच्या जहाजाला त्याची वाट पाहू नये. त्याचे जाड कपडे घेऊन तुम्हीच यावं, घर तुमचं आहे. येताना होडीने यावं.

आपला,
बास्तियान