‘तेल घाल’ या विनोदाची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा शिलाई मशीनची दुरुस्ती, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. फुप्फुसे ठिकाणावर नाहीत, म्हणून घाई. मला कोणी भरीस घातलेले नाही की धमकावलेले नाही. उलट लेक म्हणते, “आई, घर कोणाला एवढं लिही आणि मोकळी हो.” मोकळी होण्यासाठीच सविस्तर लिहिते आहे. यजमान हयात असताना केलेले आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. सर्वांची खरी नावे व पत्ते वकिलांकडच्या बंद पाकिटात आहेत. इथे ज्याला मी जशी हाक मारते तसेच लिहिले आहे.

१. खालचे दुकान आणि वरच्या दोन खोल्या लेकीला. विकायच्या असतील तर खुशाल विकाव्यात, मी आड येणार नाही. धाकट्या दिरांनी यात हक्क सांगू नये. यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा हे दीर भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते, “वहिनी, बाईमाणसाच्या हातात पेचकस शोभतो का?” त्याच महिन्यात त्यांच्या बायकोने मागच्या दाराने आणून दिलेले मशीन मी दुरुस्त करून दिले. हे त्यांना ठाऊक नव्हते. आता होईल.

२. बँकेत जे काही उरेल ते माझे दवाखान्याचे आणि अखेरचे सोपस्कार उरकून लेकीनेच घ्यावे.

३. हत्यारे, सुटे भाग आणि भिंतीवरची दोन्ही कपाटे बायकांच्या शिवणवर्गाला द्यावीत. कपाटाच्या खणांवरच्या चिठ्ठ्या काढू नयेत. ते अक्षर यजमानांचे आहे.

४. आता ग्रुप. वकील म्हणाले, “काकू, ही काही मालमत्ता नाही, मृत्युपत्रात कशाला?” मी म्हटले, माझ्याजवळ याहून मोठे काही नाही, लिहू द्या.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांचा आणि शिवणाऱ्यांचा हा ऑनलाइन ग्रुप मी आणि मास्तरांनी मिळून काढला. मास्तर म्हणजे दुसऱ्या शहरात शिवणकाम शिकवणारे गृहस्थ. त्यांची माझी प्रत्यक्ष भेट आयुष्यात दोनदाच झाली. सुरुवातीला आम्ही वीस-पंचवीस जण होतो. एकाने एकदा भलेमोठे पत्र लिहिले, सोबत अकरा फोटो. मशीन जड चालते, सगळे उघडून पाहिले, झोप उडाली आहे, वगैरे. सगळ्यांनी आठवडाभर डोकी खाजवली. शेवटी कळले की त्या पठ्ठ्याने मशीनला दोन वर्षांत तेलच घातले नव्हते. मी लिहिले, “तेल घाल.” तेवढेच. त्यावर जो हशा पिकला तो पुढे थांबलाच नाही.

मग कोणी काहीही सांगो, उत्तर ठरलेले. मुलीचे लग्न जमत नाही? तेल घाल. गुडघे धरलेत? तेल घाल. भाड्याची जागा सोडावी लागतेय? त्यालाही तेलच. बाहेरच्याला यात काय कळणार? पण ज्याला कळले तो आपला, हे आम्हाला न बोलता ठाऊक होते. यजमान गेले त्या दिवशी मी ग्रुपवर फक्त “हे गेले” असे लिहिले. शंभराच्या वर माणसांनी लिहिले, “ताई, तेल घाला.” दारात जमलेल्या नातेवाइकांना दाखवले असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. मी मोरीत जाऊन हसले, आणि मग पहिल्यांदा रडले. त्या दोन शब्दांत ‘आम्ही आहोत’ असे होते. हे मी नाकारणार नाही. नाकारले तर पुढचे सगळे सोपे होईल, आणि ते सोपे नाही.

ग्रुप वाढून चार हजारांवर गेला. तेव्हा मी एक नियम केला. नव्या माणसाने या विनोदाचा अर्थ विचारायचा नाही, आणि विचारलाच तर कोणी सांगायचा नाही. त्याने आपला आपण शोधायचा. मास्तरांना नियम फार आवडला. “उंबरठा पाहिजेच ताई,” म्हणाले, “नाहीतर घर आणि रस्ता यात फरक काय?” मलाही ते पटले. नियम माझा होता, हे इथे स्वच्छ लिहून ठेवते.

५. दीड वर्षापूर्वी ग्रुपवर एक तरुण आला. एकटाच शिवणारा, भाड्याच्या खोलीत धंदा. ग्रुपवरचे त्याचे नाव ‘उलटी टीप’. आल्याबरोबर चार दिवसांत त्याने मला खासगीत विचारले, “ताई, हे सगळे सारखं तेल घाल, तेल घाल का म्हणतात?” मी उत्तर दिले, “कळेल हळूहळू.” पुढे हसरा चेहरा टाकला.

तीन आठवड्यांनी त्याने ग्रुपवर लिहिले. ते शब्द जसेच्या तसे देते: “मशीन सारखं अडकतंय. मीपण तसाच झालोय. सकाळी उठून समोर बसतो आणि हातच पुढे जात नाही. तुमच्यापैकी कोणाला असं होतं का?”

मी त्या वेळी एक मोटर उघडून बसले होते. पहिले वाक्य वाचले. “तेल घाल” लिहिले आणि पुन्हा मोटरीकडे वळले. माझ्यामागून चाळीस जणांनी तेच लिहिले. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. कोणाच्याही मनात काहीच नव्हते.

त्यानंतर पाचव्या दिवशी त्याच्याच खात्यावरून मजकूर आला: “मी याची मोठी बहीण. माझा भाऊ गेला. त्यानेच स्वतःचं बरंवाईट करून घेतलं. तो तुमच्याबद्दल नेहमी बोलायचा. तुमच्यापैकी कोणी त्याला ओळखत होतं का?”

त्याखाली पहिले उत्तर आले ते बटणवाल्या अण्णांचे. अण्णा बटणांचे ठोक व्यापारी, मनाने लोण्यासारखे. ओळखीचे टोपणनाव दिसले, आणि खालचे न वाचता बोटाने आपले काम केले. “तेल घाल.”

 

६. मास्तरांविषयी. अर्ध्या तासात त्यांनी बहिणीचा मजकूर पुसला, मुलाचा पुसला, खालची सगळी उत्तरे पुसली. बहिणीला खासगीत कळवले की तिचा भाऊ ग्रुपवर नावापुरताच होता, त्याने कधी काही लिहिले नव्हते. मग मला फोन करून हे सांगितले.

“ताई, झालं ते वाईट झालं. पण आता बाहेर बोलायचं नाही.”

“तिला खोटं का सांगितलंत?”

“तिला तरी काय मिळणार होतं वाचून? आणि उद्या चार पोरं येऊन आपल्यालाच खुनी म्हणतील. चार हजार लोकांचं घर आहे हे. एकासाठी मोडायचं का?”

“तोही घरातलाच होता ना?”

“अहो, येऊन महिना नव्हता झाला त्याला.”

मी यावर खूप काही बोलायला हवे होते. मी म्हटले, “बरं.” त्या एका शब्दावर चौदा महिने काढले.

मास्तरांना माझ्याकडून काही नाही. रागही नाही, असे लिहिणार होते. पण शुद्धीवर असल्याचा दाखला वर टाचला आहे, तेव्हा खोटे लिहिणे बरे नव्हे. राग आहे. त्यांच्यावर थोडा.

७. मास्तरांनी पुसण्याआधी मी तो सगळा मजकूर, खालच्या एकेचाळीस नावांसकट, कामाच्या वहीत उतरवून घेतला होता. का, ते तेव्हा मलाही सांगता आले नसते. ती पाने परिशिष्ट म्हणून जोडली आहेत. पहिले नाव माझे आहे.

८. डॉक्टरांनी मला मुदत सांगितली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बस धरून, मुलाच्या खात्यावरच्या पत्त्यावरून शोधत, त्याच्या बहिणीच्या गावी गेले. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. मी गिऱ्हाईक म्हणूनच समोर बसले. तिने माझ्या चष्म्याची दांडी घट्ट केली, काच पुसली, आणि म्हणाली, “आता बघा, नीट दिसतंय का?” तेव्हा मी कोण ते सांगितले आणि वहीची पाने पुढे ठेवली.

तिने वाचले. पुन्हा वाचले. मग विचारले, “म्हणजे काय हे? तेल घाल म्हणजे?”

मी सांगितले. अकरा फोटो, दोन वर्षे तेल नाही, सगळे. मी माझ्या आयुष्यात तो विनोद उलगडून सांगितला तो तेवढाच एकदा. सांगताना त्यात हसण्यासारखे कुठे काय होते ते मलाही सापडेना.

“तो जेवताना तुमच्या ग्रुपमधलं वाचून दाखवायचा,” ती म्हणाली. “आणि हसायचा. मी म्हणायचे, अरे यात हसायचं काय आहे? तर म्हणायचा, मलाही अजून नाही कळलं गं ताई, पण त्या काकू म्हणाल्यात, कळेल हळूहळू.”

मी खाली मान घातली.

“त्याने खरंच घातलं हो तेल,” ती म्हणाली. “त्या दिवशी मशीन उघडून, पुसून, सगळीकडे घातलं. मस्त चालायला लागलं. तीन दिवस बसून त्याने राहिलेलं सगळं शिवून काढलं. लोकांचे कपडे स्वतः घरोघरी नेऊन दिले. मला वाटलं, चला, पोरगं सावरलं.” आत मालकाने हाक मारली. ती “आले” म्हणाली, पण उठली नाही. “मशीन अडकलं होतं हे त्याने लिहिलं, तर एकेचाळीस लोकांना दिसलं. त्याच्याखालची ओळ कोणालाच दिसली नाही?”

 

९. म्हणून ग्रुपची व्यवस्था अशी: ग्रुप बंद करू नये. माझ्यासारख्या कितीतरी एकट्या बायकांना तिथे दिवसातून एकदा कोणीतरी हाक मारते. चालवण्याचा अधिकार बटणवाल्या अण्णांना द्यावा, मास्तरांना नाही. अण्णा त्या दिवसापासून मला दर रविवारी फोन करतात आणि दर वेळी तेच विचारतात, “ताई, मी आधी वाचायला हवं होतं ना हो?” न वाचता लिहिणे त्यांच्या हातून पुन्हा होणार नाही. माझा नियम आजपासून रद्द. नव्या माणसाने काही विचारले तर त्याला सांगावे, लगेच, पहिल्याच दिवशी. माझ्या मागे लेकीने ही चौथ्यापासून नवव्यापर्यंतची कलमे ग्रुपवर सगळ्यांना दिसतील अशी लावावीत. अधिकार जाण्याआधी मास्तर पुसतील, पुन्हा लावावीत.

१०. बहिणीला माझे काही द्यावे अशी इच्छा होती. मी तिला फोन करून विचारले. ती म्हणाली, “तुमचं काही नको मला.” मग विचारले, “ते मृत्युपत्र खरं ठरायला काय लागतं?” मी म्हटले, दोन साक्षीदार, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीला उभे राहू नये, असे वकील म्हणतात. ती म्हणाली, “मग बरंच झालं. मी येते.”

हे सर्व मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिले आहे.

ठिकाण: राहते घर, वरची खोली
दिनांक: सतरा फेब्रुवारी, दुपारी चार

मृत्युपत्र करणारी: (सही)

आम्ही खालील साक्षीदार, करणारीने आमच्यादेखत सही केली व आम्ही तिच्यादेखत केली, असे लिहून देतो.

साक्षीदार १, शेजारचे औषधवाले: (सही)

साक्षीदार २, मयत ‘उलटी टीप’ची बहीण, चष्म्याच्या दुकानातली: (सही). सही करण्याआधी परिशिष्टातली एकेचाळीस नावं मी एकेक करून मोठ्याने वाचली. बाई शेवटपर्यंत समोर बसून होत्या.