जामीन ठेवलेला चेहरा

प्रिय लेकी फिद्दा,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. थंडी पडायला लागली तेव्हाच लिहायला बसलो होतो. मग शाई वाळली, मग बोटं आखडली, आणि मग जे घडलं ते कसं लिहावं तेच सुचेना. फिरत्या मुल्लानं छडीच्या धाकानं शिकवली तेवढीच अक्षरं मला येतात. तीच तुला वाळूत बोटानं गिरवायला लावली होती, तेव्हा सगळे हसले होते. आता हे पत्र तूच वाच. तुझ्या नवऱ्याशिवाय कुणाला दाखवू नकोस आणि मग चुलीत घाल. मीठवाल्याच्या हाती पाठवतोय. त्याला सरहद्दीवर कुणी अडवत नाही, पण त्याची जीभ फार सैल आहे, म्हणून पत्र शिवून दिलंय. शिवण उसवलेली दिसली तर मला कळव. नाहीतर नकोच कळवू, उगाच जिवाला घोर.

तुझी आई बरी आहे, म्हणजे माझ्याशी भांडण्याइतकी बरी आहे. तुझा भाऊ सफ्फूक मात्र घरी नाही. आणि घरी आला तर तो जिवंत राहायचा नाही, हेही आत्ताच लिहून टाकतो.

तुमच्याकडच्या मिस्हाल लोकांशी आपल्या झुवैदांचा तह झाला, ते तुझ्या कानावर आलंच असेल. उम्म रिझ्मच्या विहिरीवर बैठक बसली होती. किल्ल्यावरचा गोरा अधिकारी मोटारीतून आला, त्यानं नकाशा पसरला आणि वारा उडवून नेऊ नये म्हणून त्यावर कॉफीचे पेले ठेवले. आपले शेख मुज्हिम त्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, या रेघेवर पाऊस कुठल्या बाजूला पडणार तेही लिहा की!" सगळे हसले, दुभाषाही हसला, पण त्यानं ते साहेबाला काही सांगितलं नाही. पुढे रेघ जाईल तिथे दगड भरलेली पिंपं उभी राहिली. आपल्या उंटांना अंग घासायला बरी सोय झाली.

पण मिस्हालांना कागद नको होता. त्यांचा म्हातारा शेख म्हणाला, "कागद उंदीर खातात. आम्हाला माणूस द्या." मग दोन्हीकडच्या नजरा माझ्यावर खिळल्या. माझी लेक त्यांच्याकडे दिलेली, आणि आजवर माझा शब्द कधी खाली पडलेला नाही. मी उठलो, दाढीला हात लावला आणि माझा चेहरा जामीन ठेवला: झुवैदांचा कुणीही मिस्हालांच्या जनावराला हात लावणार नाही. त्या दिवशी मला किती मोठेपणा वाटला म्हणून सांगू! घरी आलो तर तुझी आई म्हणाली, "दुसऱ्यांच्या पोरांसाठी जामीन राहिलात, आपल्या पोराला विचारलंत का?" मी तिला गप्प बसवलं.

मग पाऊस आला, तो आपल्या बाजूला. मिस्हालांची काही कुटुंबं हिरवळीच्या मागे पिंपं ओलांडून अलीकडे आली. पूर्वी येत तशीच. सफ्फूकनं चार सोबती घेऊन त्यांच्या कळपावर धाड घातली. एका गुराख्याचा हात मोडला. मी विचारलं तेव्हा पोरगा छाती काढून म्हणाला, "बाबा, तुमचा शब्द मी कुठे मोडला? पिंपांच्या पलीकडे मी पाऊलही टाकलं नाही. ते आपल्या हद्दीत आले होते. साहेबाच्या नकाशात बघा." फिद्दा, त्याला खरंच तसं वाटत होतं. डोळ्यांत लबाडी नव्हती. मी चेहरा दिला तो माणसांना, जमिनीला नव्हे, हे आपल्यात दुधपित्यालाही कळतं. पण ही पोरं आता पिंपंच बघतात. त्यांना वाटतं, माणूस कुठे उभा आहे त्यावर तो कोण हे ठरतं.

उंट मी स्वतः परत नेऊन दिले, हात मोडलेल्याला माझी पांढरी सांडणी दिली. मिस्हालांनी उंट घेतले, पण नंतर आपल्या तंबूत आले तेव्हा माझी कॉफी घेतली नाही. पेला खाली ठेवून म्हणाले, "दहाम, तुझं तोंड काळं झालंय. आधी ते धू." ते कशानं धुतात ते तुला माहीत आहे. ज्यानं जामिनाचा शब्द मोडला त्याला जामिनानंच शासन करायचं, मग तो पोटचा का असेना. तसं केलं नाही तर तह मोडेल, आणि येत्या उन्हाळ्यात दोन्हीकडच्या कितीतरी आया रडतील. तुझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तोंड धुवायचं तर विहिरीवर जा. माझ्या पोराच्या रक्तानं धुवायचं नाही." त्यानंतर ती माझ्याशी बोलली ती फक्त जेवायला वाढताना.

सफ्फूक त्याच दिवशी पळाला. शेखांनी माग काढायला मलाच पुढे घातलं. त्याच्या सांडणीचा डावा पाय जरा बाहेर पडतो, तू ओळखशील. माग पिंपांपर्यंत सरळ गेला होता, आणि पिंपांच्या पलीकडे थेट तुमच्या वस्तीच्या दिशेला. मी खाली वाकलो, बराच वेळ वाकून राहिलो, आणि मागून येणाऱ्यांना म्हणालो, "वाऱ्यानं पुसलं सगळं." सगळ्यांनी मान हलवली. त्यांच्यातल्या दोघांना तरी तो माग दिसत होता. आमच्या बंदूकवाल्यांना पिंपं ओलांडायची मनाई आहे, साहेबाच्या मोटारी फिरत असतात. त्या रेघेला मी किती शिव्या घातल्या होत्या! त्या दिवशी मात्र मी त्या गंजक्या पिंपावर हात ठेवून उभा राहिलो आणि माझ्यानं तो काढवेना.

आता खरं सांगतो, हे पत्र कशासाठी. तो तुझ्या तंबूत आला असेल तर त्याला खांब धरू दे आणि तुझी चादर त्याच्या अंगावर टाक. मग तो तुझ्या नवऱ्याच्या, जलूदच्या आश्रयाला आला. जावईबापू आपल्याच मिस्हालांसमोर अवघडतील, पण खांब धरलेल्याला ते देणार नाहीत, मी त्यांना ओळखतो. उद्या शेखांच्या तंबूत, पोराला माझ्याच हातानं शासन करीन अशी शपथ मला घ्यावी लागेल, आणि मी ती घेईन. मग साहेबाची परवानगी काढून वडीलधाऱ्यांना घेऊन मी तुझ्या दारी येईन. सफ्फूकला मी माफ केलं, तुझी आई त्याच्यासाठी आजारी पडली आहे, घरी पाठव, असं म्हणेन. कदाचित रडेनही. चार माणसं माझ्याकडे बघत असली की मी काय करीन याचा मला भरवसा नाही. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, लेकी. मला कॉफी दे, उन्हात बसवू नकोस, पण त्याला माझ्या हाती देऊ नकोस. मी ओरडलो, शाप दिले, तरी देऊ नकोस. ते शाप तुला लागणार नाहीत, हे मी आत्ताच इथे लिहून ठेवतो. मीठवाला परत येईल तेव्हा निरोप दे. सफ्फूकचं नाव घेऊ नकोस, तो कुठे आहे हे मला कळायलाच नको. तू दोन वेळ नीट जेवतेस एवढंच सांग, तेवढ्यावरून तुझी आई काय ते समजेल. पण लवकर सांग, पोरी, तुझी आई रोज वाटेकडे डोळे लावून बसते.

तुझाच बाप,
दहाम